सायकल काढून घेण्यापूर्वी

वाचकहो, तुमच्या घरात सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेले कुणी असेल आणि त्यांची सायकल अजूनही जिन्याखाली उभी असेल, तर एक प्रश्न तुमच्या मनात कधी ना कधी येऊन गेला असेल : ही सायकल आता बंद करावी का? आणि त्या सायकलीचे मालक तुम्हीच असाल, तर हाच प्रश्न मुलासुनांच्या चेहऱ्यावर तुम्ही वाचला असेल. दोन वर्षांपूर्वी मी या प्रश्नाचे उत्तर फार घाईने दिले. ते कुठे चुकले आणि एका चाकाच्या निमित्ताने कसे सुधारता आले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आज ८१ वर्षांचे आहेत. उभे आयुष्य पुण्यात गणित शिकवण्यात गेले आणि शाळेत जाणे-येणे सायकलवरून झाले. ज्या काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळचे ते रहिवासी. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला की पोलीस हटकत, हे ते नातवाला अजून रंगवून सांगतात. पंक्चर काढणे, चेन बसवणे, चाकाचा आऊट काढणे ही कामे त्यांनी सहसा दुकानात नेली नाहीत. रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरायचे, सायकल उलटी करायची आणि शेजारी पाने, पक्कड व तेलाची बुधली मांडायची, हे दृश्य माझ्या बालपणाचा भाग आहे.

निवृत्तीनंतरही सायकल सुटली नाही. त्याचे एक कारण त्यांचे गुडघे. चालताना शरीराचा भार गुडघ्यांवर येतो. सायकलवर तो बराचसा सीट पेलते. त्यामुळे चार गल्ल्या चालणे ज्यांना जड जाई, ते अण्णा सहकारनगरहून सारसबागेपर्यंत सायकलने आरामात जात. तेथे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचा कट्टा होता. आई गेल्यानंतर दिवसातला तेवढाच वेळ ते घराबाहेर असत.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये परतताना पर्वतीच्या पायथ्याशी पुढचे चाक बसले. बाभळीचा काटा. पंक्चरवाल्याचे दुकान उघडायचे होते आणि रिक्षात सायकल मावेना. अण्णा सायकल ढकलत चढाने निघाले. ऊन वाढत होते, सकाळी रक्तदाबाची गोळी घेतलेली, पाणी जवळ नाही. घराच्या अलीकडच्या वळणावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते फुटपाथवर बसले. एका भाजीवाल्या मावशींनी पाणी दिले आणि त्यांच्याच फोनवरून मला बोलावले. गंभीर काही झाले नाही. पण त्या संध्याकाळी मी सायकलला कुलूप लावले आणि चावी माझ्या कपाटात ठेवली. अण्णांना मी काही विचारले नाही, आणि तेही काही बोलले नाहीत.

घरातली शांतता

तुम्ही कुणाची काळजी घेत असाल, तर ही शांतता तुम्हाला ओळखता येईल. पहिले आठ-दहा दिवस मला वाटले, चला, एक चिंता मिटली. मग हळूहळू ध्यानात आले की अण्णा सकाळी उशिरा उठू लागले आहेत. दाढी एक दिवसाआड होऊ लागली. दुपारची झोप लांबली, रात्रीची तुटली. कट्ट्यावरच्या मित्राचा फोन आला तर "बघू, जमेल तसे" एवढेच उत्तर. महिन्याभरात खुर्चीतून उठताना ते हातांचा आधार घेऊ लागले.

मी त्यांना पडण्यापासून वाचवण्यासाठी सायकल काढून घेतली होती. मात्र ज्या पायांच्या बळावर माणूस पडण्यापासून वाचतो, तेच बळ बसून बसून कमी होत होते. आमच्या डॉक्टरांनी हे स्पष्टच सांगितले. "सायकल नको असेल तर नको," ते म्हणाले, "पण तिच्या जागी काय देणार आहात?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तराची सुरुवात माझ्या मुलाने केली. त्याची गिअरची सायकल बाल्कनीत धूळ खात पडली होती. तो म्हणाला, "आई, त्या दिवशी आजोबांना त्रास सायकल चालवण्याने झाला नाही, पंक्चर सायकल ढकलण्याने झाला. माझ्या सायकलला ट्यूबलेस टायर बसवू. काट्याने ती बसणार नाही."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "ट्यूब नाही, तर हवा धरते कोण?" त्यांनी विचारले. महिन्याभरात त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

हवा धरते कोण?

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, म्हणून थोडक्यात सांगते. नेहमीच्या सायकलीत हवा ट्यूबमध्ये असते आणि टायर तिचे रक्षण करतो. ट्यूबलेसमध्ये टायरची कड रिमच्या खाचेत इतकी घट्ट बसते की टायर आणि रिम मिळूनच हवाबंद पोकळी तयार होते. रिमला स्पोकसाठी असलेली भोके एका खास चिकटपट्टीने बंद करतात आणि व्हॉल्व्ह थेट रिममध्ये बसवतात. आत सीलंट नावाचा दुधासारखा पांढरा द्रव घालतात. काटा घुसला की हवेबरोबर हा द्रव भोकाकडे धावतो आणि त्यातील रबर व बारीक कण तेथे साकळून भोक बुजवतात. जखमेवर रक्त साकळते, तसेच हे. भोक लहान असेल तर चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मोठी चीर मात्र याने बुजत नाही. त्यासाठी पिशवीत एक जादा ट्यूब ठेवावीच लागते.

दुसरा लाभ वडीलधाऱ्यांसाठी अधिक मोलाचा आहे. ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा कमी ठेवली, तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायर यांच्या मध्ये चिमटते. येथे ट्यूबच नसल्याने हवा थोडी कमी ठेवता येते, आणि मनगटांना, मानेला व कमरेला बसणारे हादरे कमी होतात. अण्णांनी यावर नातवाला एक हकिकत ऐकवली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते मुळात आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला रस्त्यावर बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून. "मुलासाठी बापाने टायर केला," अण्णा म्हणाले, "आता आजोबांसाठी नातू करतोय. हिशेब बरोबर आहे."

एक गोष्ट आवर्जून सांगते. प्रत्येक सायकल ट्यूबलेस करता येत नाही. अण्णांच्या जुन्या काळ्या सायकलीची रिम त्यासाठी घडवलेलीच नव्हती. तिला पट्ट्या लावून जुगाड करणे धोक्याचे ठरले असते. टायर आणि रिम दोन्हींवर ट्यूबलेससाठी योग्य असल्याचा निर्देश हवा. मुलाच्या सायकलीवर तो होता. शिवाय तिचा मधला दांडा मागे उतरता होता, त्यामुळे पाय फार उंच न उचलता चढता येत होते. वयस्कर माणूस पडतो तो बऱ्याचदा चालवताना नव्हे, तर चढता-उतरताना. म्हणून टायरच्याही आधी पाहायची गोष्ट ही.

तीन रविवार

हे काम एका रविवारी होईल असे वाटले होते. लागले तीन.

पहिल्या रविवारी मुलाने जुने टायर-ट्यूब काढले, रिमला पट्टी गुंडाळली आणि व्हॉल्व्ह बसवला. टायरची एक बाजू पूर्ण चढवली, दुसरी थोडी उघडी ठेवून आत सुमारे १०० मिलिलिटर सीलंट ओतले आणि मग तीही बसवली. आता हवा जोरात आणि एकदम भरावी लागते, तरच टायरची कड खाचेत सरकते. पायपंपाने ते होईना. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे चाक नेले. त्याने व्हॉल्व्हची आतली पिन काढून कॉम्प्रेसर लावला. टप्, टप् असे दोन-तीन आवाज झाले आणि टायर गोल बसला. हा आवाज दचकवणारा असतो, पण तो कड जागेवर बसल्याचा असतो. मात्र ती बसत नाही म्हणून टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हवा कधीही भरू नये. टायर उडून इजा होऊ शकते. सीलंट डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि ज्यांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते हाताळूच नये.

सोमवारी सकाळी चाक सपाट झाले होते. बाल्कनीच्या फरशीवर पांढरे थेंब.

मुलगा हिरमुसला आणि कॉलेजला निघून गेला. मी फरशी पुसत होते, तेव्हा अण्णा म्हणाले, "आतल्या मोरीतले मोठे घमेले आण. पाण्याने भर." आम्ही चाकात पुन्हा हवा भरली आणि चाकाचा खालचा भाग पाण्यात बुडवून ते हळूहळू फिरवू लागलो. स्पोकच्या मुळाशी चार-पाच ठिकाणी बुडबुडे आले. मी म्हटले, "एवढी भोके?" अण्णा पाण्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "नाही. ही रिम आतून पोकळ आहे. हवा एकाच ठिकाणी शिरते आणि आतून फिरून वाटेल तिथून बाहेर येते. बुडबुडा दिसतो तिथे दुखणे असेलच असे नाही."

टायर काढल्यावर त्यांचे म्हणणे पटले. व्हॉल्व्हच्या भोकापाशी पट्टी उसवली होती. ब्लेडने कापल्यामुळे तिला चीर गेली होती, आणि पट्टी लावण्यापूर्वी रिम नीट पुसली नव्हती. दुसऱ्या रविवारी आम्ही रिम स्पिरिटने स्वच्छ केली, थोडी रुंद पट्टी ताणून दोन वेढे दिली आणि व्हॉल्व्हचे भोक तापवलेल्या दाभणाने पाडले, म्हणजे कडा वितळून सारख्या राहतात. अण्णांचे हात आता कापतात. बारीक आटे त्यांना जमत नाहीत. म्हणून पट्टी मी ताणायची, चाक त्यांनी धरायचे आणि अंगठ्याने ती दाबत न्यायची, अशी वाटणी झाली.

तेव्हा, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "तू चावी घेतलीस ते बरोबर की चूक, ते मी म्हणत नाही. पण मला न विचारता घेतलीस."

मी पट्टी ताणून धरली होती. हात सोडता येत नव्हता. बरेच झाले. नाहीतर मी उठून स्वयंपाकघरात गेले असते. मला एकेक आठवत गेले. आई गेल्यानंतर बँकेचे पासबुक मी माझ्याकडे घेतले होते, माळ्यावर चढायचे स्टूल हलवले होते, गॅस पेटवू नका म्हटले होते. प्रत्येक गोष्टीला कारण होते. विचारले मात्र एकदाही नव्हते.

"चुकले माझे," मी म्हटले. ते म्हणाले, "पट्टी सैल सोडू नकोस."

तिसऱ्या रविवारी दुसरे चाक झाले. दोन्ही चाकांनी हवा धरली.

अण्णांचा कागद

चावी परत देण्यापूर्वी आम्ही दोघांनी बसून एक कागद लिहिला. अक्षर अण्णांचे आहे. तुमच्या घरी उपयोगी पडेल म्हणून येथे देते.

१. सायकल सकाळी साडेआठपर्यंतच. पाऊस असेल किंवा रस्ता ओला असेल तर नाही.

२. डोक्याला हेल्मेट, जवळ पाणी, मोबाईल आणि नाव, पत्ता, औषधे लिहिलेले कार्ड.

३. निघण्यापूर्वी हवा, ब्रेक, चेन.

४. औषध बदलले किंवा मात्रा वाढली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकल नाही.

५. चढता-उतरताना दोनदा तोल गेला, किंवा मागे वळून पाहताना सायकल सरळ राहीना, तर रस्ता बंद. हे मी स्वतः सांगेन.

६. चावी कुणीही न विचारता घेणार नाही.

सहावे कलम मी सुचवले. खाली दोघांच्या सह्या आहेत.

तिसऱ्या कलमाला तीन मिनिटे पुरतात. टायर अंगठ्याने दाबून पाहायचा. आठवड्यातून एकदा मापकाने हवा मोजायची. अण्णांचे वजन ६० किलो आणि टायर रुंद, म्हणून आम्ही २८ पीएसआय ठेवत असू; तुमच्या टायरवर लिहिलेली मर्यादा पाहून ठरवावे. ब्रेक दाबला की त्याची मूठ हँडलला टेकता कामा नये आणि ब्रेकच्या रबरांवरच्या खाचा दिसत असल्या पाहिजेत. बोटांची पकड कमी झाली असेल, तर ब्रेकची मूठ एका लहान स्क्रूने हँडलच्या जवळ आणता येते. दुकानात हे सांगून करून घ्यावे. चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि जादा तेल पुन्हा पुसून टाकावे. खोबरेल तेल वापरू नये. ते थिजते आणि धूळ धरते. सीट इतकी उंच हवी की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. मात्र ज्यांना थांबताना पाय टेकण्याची भीती वाटते, त्यांनी ती थोडी खाली घ्यावी. सीलंट आपल्या हवामानात लवकर सुकते. दर दोन-तीन महिन्यांनी ते पाहून भर घालावी लागते. एकदा बसवले आणि विसरले, असे हे काम नाही.

ही तपासणी चालली असताना आम्ही अण्णांचीही तपासणी करू लागलो, आणि त्याचे त्यांना ओझे वाटले नाही. महिन्यातून एकदा भिंतीजवळ, मी शेजारी असताना, एका पायावर किती वेळ उभे राहता येते ते पाहायचे. झोपून उठल्यावर चक्कर येते का? मान दोन्हीकडे वळते का? चष्म्याचा नंबर कधी पाहिला? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा मारही डॉक्टरांना दाखवावा लागतो, हे मला याच काळात समजले. तुमच्या घरी अशी गोळी चालू असेल, तर सायकलचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच करा. पूर्वी असे काही विचारले की अण्णा "मला काही झालेले नाही" म्हणत. आता सायकलच्या हवेबरोबरच विचारले जात असल्याने ते सरळ उत्तर देत.

पाचवे कलम

त्यानंतर दीड वर्ष अण्णा सारसबागेला जात राहिले. खुर्चीतून उठताना पुन्हा हात लागेनासे झाले. दाढी रोज होऊ लागली. एकदा टायर पुसताना त्यांना त्यात दोन काटे रुतून मोडलेले सापडले; भोवती सुकलेल्या सीलंटचा ठिपका. ते काटे त्यांनी काडेपेटीत घालून कट्ट्यावर दाखवायला नेले.

गेल्या थंडीत एका सकाळी ते लवकर परतले. हेल्मेट खुंटीला लावले, चहा घेतला आणि चावी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "पाचवे कलम," ते म्हणाले. "परवा एकदा, आज एकदा. उतरताना डावा पाय वेळेवर टेकत नाही."

मी काहीतरी समजुतीचे बोलू लागले. त्यांनी हात वर केला. "मी सांगेन म्हटले होते, सांगितले."

वाचकहो, त्या दिवशी मला दुःख झालेच. पण दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलसारखी ती शांतता मात्र घरात पसरली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन डाव्या पायाची तपासणी करून घेतली आणि फिजिओथेरपीचे व्यायाम सुरू केले. घरात एका जागी बसवलेली व्यायामाची सायकल आली. तिलाही ते दर रविवारी पुसतात आणि तिचे नटबोल्ट पाहतात. सोसायटीतील मुले आपल्या सायकली घेऊन येतात. अण्णा स्टुलावर बसून सांगतात, मुले पाने फिरवतात. कट्ट्यावर आठवड्यातून दोनदा रिक्षाने जाणे होते.

आता ती गिअरची सायकल मी चालवते. चोपन्नाव्या वर्षी पुन्हा शिकल्यासारखेच झाले. निघताना अण्णा दारापर्यंत येतात, टायर अंगठ्याने दाबतात आणि विचारतात, "ब्रेक पाहिलास? चेन?" मग थोडे थांबून, "आणि तुझी रक्तदाबाची गोळी?"

तुमच्या जिन्याखालच्या सायकलला कुलूप लावण्यापूर्वी एक रविवार काढा. पोते अंथरा, घमेले भरा आणि ज्यांची ती सायकल आहे त्यांना शेजारी बसवा. कदाचित ती रस्त्यावर जाण्याजोगी असेल, कदाचित नसेल. कदाचित चालवणाराच आता रस्त्यावर जाण्याजोगा नसेल. ते एकत्र बसून पाहा आणि त्यांनाच विचारा.